त्या रडण्यात बहीण कुठे आहे?

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या कमिटीवर आहे. वडील वारल्यानंतर मी धाकट्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. सगळं आईच्या नावावर होणार आहे, असं तिला सांगितलं होतं. प्रत्यक्षात जमीन माझ्या नावावर झाली. पुढे त्यातला एक तुकडा विकून मी घर बांधलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मागच्या उपवासकाळात एक संदेश ऐकला, तेव्हा माझं पाप डोळ्यांसमोर उभं राहिलं. तेव्हापासून झोप नाही, जेवणावर वासना नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी तर रडू आवरत नाही. मी किती अधम, माझ्यासारख्याला क्षमा कशी मिळणार, मंडळीत कळलं तर काय तोंड दाखवणार, हेच डोक्यात चालू असतं. परवा पत्नी म्हणाली, "हे रडणं तुमचं तुमच्यासाठीच आहे." ते फार जिव्हारी लागलं. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? आणि अशा अवस्थेत मी प्रभुभोजन घ्यावं का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्नीने धीर करून एक खरी गोष्ट सांगितली आहे. तिच्यावर रागावू नका.

तुमचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. झोप उडण्याचं नाटक कोणी करत नाही. पण तुमचं पत्र मी परत वाचलं. त्यात तुमची झोप आहे, तुमची भूक आहे, मंडळीतली तुमची पत आहे, तुमच्या क्षमेची काळजी आहे. बहीण फक्त सही करण्यापुरती येते आणि जाते. ती सध्या कुठे आहे, तिचा संसार कसा चाललाय, तिच्या मुलांच्या शिक्षणाला पैसे कमी पडले का, आई गेल्यावर किंवा आजारी असताना ती माहेरी कोणत्या तोंडाने आली असेल, यातलं एक अक्षरही पत्रात नाही. ज्या माणसाचं नुकसान झालं तो माणूसच दुःखातून गळला असेल, तर ते दुःख अजून पश्चात्तापापर्यंत पोचलेलं नाही. ती स्वतःची कीव आहे.

आणि ही कीव दिसायला फार नम्र असते, म्हणून ओळखू येत नाही. "मी महापापी" असं म्हणणाऱ्याला कोण अडवणार? उलट लोक पाठीवर हात फिरवतात, "असं बोलू नका, तुम्ही चांगलेच आहात" म्हणतात. पण आत नीट पाहिलं तर तिथे दुखावलेला मोठेपणा असतो. कमिटीवरचा माणूस, वचन वाचणारा माणूस, आणि माझ्या हातून असं व्हावं? हे दुःख पापाचं नसतं. स्वतःविषयीचं चांगलं मत मोडलं, त्याचं असतं.

शौल राजाकडे पाहा. अमालेक्यांच्या लढाईत त्याने देवाची आज्ञा मोडली. शमुवेलाने जाब विचारला तेव्हा आधी त्याने लोकांवर ढकललं, मग अगदी स्पष्ट कबूल केलं की मी पाप केलं. कबुलीत शब्दांची काही कमतरता नाही. पण लगेच पुढे त्याने काय मागितलं? वडीलजनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख, माझ्याबरोबर परत चल. पहिल्या शमुवेलाच्या 15व्या अध्यायात हे आहे. पाप कबूल आहे, पण लोकांसमोर शोभा होऊ नये. तुमच्या पत्रातलं "मंडळीत कळलं तर" हे वाक्य वाचताना मला शौल आठवला, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

या विषयावर बोलताना उपदेशक हटकून यहूदा आणि पेत्र यांची जोडी घेतात. घ्यावीच, पण जरा सावकाश. यहूदाने काय काय केलं ते मत्तयाने 27व्या अध्यायात लिहिलं आहे. त्याला पस्तावा झाला. त्याने पाप कबूल केलं. धरून दिलेला माणूस निर्दोष होता हे त्याने उघड सांगितलं. चांदीची तीस नाणी मंदिरात टाकली. एवढं तर आपल्यातले पुष्कळ लोक करत नाहीत. तरीही त्याची वाट अंधारात संपली. का? तो कबूल करायला गेला ते याजकांकडे, ज्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं की तुझं तू बघ. मग त्याने स्वतःच न्यायाधीश होऊन स्वतःला शिक्षा दिली. येशूला तेव्हा पिलाताकडे नेलं होतं, भेट होऊ शकली असती असं मी म्हणत नाही. पण ज्याचा अपराध केला त्याने काय म्हणायचं, ही जागा यहूदाने मोकळी ठेवलीच नाही. निकाल स्वतःच्या हातात घेतला.

पेत्राचं पाप लहान होतं का? मला तसं वाटत नाही. मरणापर्यंत साथ देतो म्हणणारा माणूस एका दासीसमोर शपथ घेऊन "मी त्याला ओळखत नाही" म्हणाला. बाहेर जाऊन तो अतिशय रडला. बहुतेक संदेश इथे थांबतात, आणि त्यामुळे रडणं म्हणजेच पश्चात्ताप अशी आपल्या मंडळ्यांची समजूत होऊन बसते. मला योहानाचा 21वा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. तिबिर्या समुद्रावर रात्रभर जाळी टाकून शिष्यांच्या हाती काही लागलेलं नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा आहे. तो प्रभू आहे असं कळताच पेत्र अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. किनारा दोनशे हातांवर होता. बाकीचे होडीतून आले, तेवढीही वाट त्याने पाहिली नाही. ज्याला नाकारलं त्याच्याच दिशेने त्याने उडी मारली. नाकारताना तो ज्या विस्तवाशी शेकत उभा होता, तसाच कोळशांचा विस्तव या किनाऱ्यावरही पेटलेला आहे, आणि येशू न्याहारी करायला बोलावतो आहे.

आता त्या न्याहारीनंतरचे प्रश्न लक्षात घ्या. येशूने पेत्राला "तुला किती वाईट वाटलं?" असं विचारलं नाही. किती रडलास, हेही नाही. माझ्यावर प्रेम करतोस का, असं तीनदा विचारलं आणि प्रत्येक वेळी मेंढरांचं काम हाती दिलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र खिन्न झाला. जखमेला हात लागला, पण तो उठून गेला नाही. स्वतःची कीव करणारा माणूस इथे फणकारतो : एवढा रडलो, अजून विश्वास नाही? तुम्ही बहिणीकडे गेलात आणि तिनेही पुन्हा पुन्हा तेच विचारलं, तर हा प्रसंग आठवा.

जकातदार जक्कयाच्या गोष्टीत तर लूकने एकाही अश्रूचा उल्लेख केलेला नाही. आकडे मात्र आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. नियमशास्त्रात याहून कमी सांगितलं होतं. गणनाच्या 5व्या अध्यायात फसवणाऱ्याने पाप कबूल करून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरायचा आहे. तिथलीच आणखी एक बारीक तरतूद आपल्या कामाची आहे. ती भरपाई आधी त्या माणसाला जाते. तो नसेल आणि घ्यायला कोणी जवळचा नातलगही नसेल, तरच ती याजकाकडे जाते. म्हणजे बहिणीचा वाटा दाबून ठेवून मंडळीच्या इमारत निधीला मोठं दान द्यायचं, ही पळवाट मोशेच्या काळातच बंद झाली होती. तुम्ही असं करताय असं मी म्हणत नाही. पण अशी दानं मी पाहिली आहेत, आणि त्यांची पाटी भिंतीवर लागलेलीही पाहिली आहे.

रडण्याला माझा विरोध आहे असं समजू नका. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आलं, तेव्हा मुली पापांच्या जाणिवेने ढसाढसा रडल्या. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात ते रडणं कायमचं नोंदलं गेलं. पण त्याची सुरुवात ज्या मुलींमध्ये झाली, त्या गावोगाव सुवार्ता सांगायला जायची तयारी दाखवून रोज प्रार्थनेला जमत होत्या. अश्रू आले तेव्हा कामाला जायचं आधीच ठरलेलं होतं.

दावीदाचीही एक गोष्ट सांगतो, कारण खऱ्या पश्चात्तापाला उठता येतं हे तिच्यात दिसतं. नाथान संदेष्ट्याने पाप तोंडावर सांगितल्यानंतर त्याने शौलासारखा मान मागितला नाही. बथशेबेपासून झालेलं मूल आजारी असेपर्यंत तो उपाशी जमिनीवर पडून राहिला. मूल गेलं, तेव्हा राजाला कसं सांगावं म्हणून चाकर घाबरले. तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात गेला आणि मग जेवला. चाकरांना ते चमत्कारिक वाटलं. बथशेबेचा नवरा उरीया याला त्याने मारवलं होतं, त्याची भरपाई करायला दावीदाकडे काहीच मार्ग उरला नव्हता. तरी तो जमिनीवर पडून राहिला नाही. तुमची बहीण तर हयात आहे.

इथे थोडं थांबून दुसऱ्या प्रकारच्या वाचकांशी बोलायला हवं. काही जणांनी कबुली दिलेली असते, भरपाई केलेली असते, समोरच्याने क्षमाही केलेली असते, तरी तेच पाप त्यांना पुन्हा पुन्हा टोचत राहतं. येशू संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला 1522 साली मान्रेसा गावी असताना याच यातनेत सापडला होता. सांगून झालेली पापं तो पुन्हा पुन्हा सांगे, कबुलीत काही राहून गेलं असेल म्हणून तळमळे, जीव द्यावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. शेवटी त्याला उमगलं की ही ओढ देवाकडून नाही, आणि जुनी पापं परत उकरायची नाहीत असं त्याने ठरवलं. ज्यांनी करण्यासारखं सगळं केलं आहे त्यांनी त्याचं ऐकावं. तुम्ही अजून काहीच केलेलं नाही, म्हणून तुमच्या टोचणीला मी गप्प करणार नाही. मात्र झोप-जेवण असंच बंद राहिलं किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर पाळकांइतकीच डॉक्टरांची गरज आहे. त्यात विश्वास कमी पडल्याची लाज बाळगू नका.

आता करायचं काय. तुमचे वडील मृत्युपत्र न करता गेले असं मी धरून चालतो. आपल्याला 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे आणि मुली यांना सारखं. म्हणजे तुम्ही बहिणीला काही "देणार" नाही आहात, जे तिचं होतं ते तुमच्याकडे राहिलं आहे. सातबारा, हक्कसोडपत्राची प्रत आणि विकलेल्या तुकड्याचं खरेदीखत घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा. राहिलेल्या जमिनीतला तिचा वाटा तिच्या नावावर कसा करायचा, तो सांगेल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च तुमचा. विकलेल्या तुकड्याचा तिचा हिस्सा आजच्या भावाने धरा, तेव्हाच्या नाही. पैसे एकदम नसतील तर हप्ते लेखी ठरवा. तुमच्या मुलांना आधी घरात बसवून सगळं सांगा, नाहीतर उद्या तीच वाद उभा करतील.

आणि मग तिच्याकडे जा. फोनवर नको, तिच्या सासरच्या लोकांसमोर दिवाणखान्यात नको. जे घडलं ते जसंच्या तसं सांगा : आईच्या नावावर होणार असं मी तुला खोटं सांगितलं. त्यापुढे "पण" येऊ देऊ नका. आईचं आजारपण मी काढलं, तुझ्या लग्नाचा खर्च मी केला, हे खरं असलं तरी त्या दिवशी ते बोलायचं नाही. तिथे रडू लागू नका, कारण मग तिलाच तुमची समजूत घालावी लागेल आणि तिचं बोलणं राहून जाईल. "मला माफ केलंस ना?" असं लगेच विचारू नका. तिला वेळ लागेल, कदाचित ती दारातून परत पाठवेल. तिच्या वाट्याची जमीन तिच्या क्षमेवर अवलंबून नाही. ती तिला मिळालीच पाहिजे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते असं की माणसाने स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी. पारखून दूर बसावं असं त्याने लिहिलेलं नाही. म्हणून प्रभुभोजन कायमचं सोडण्याचा विचार काढून टाका, त्याही विचारात स्वतःला शिक्षा देण्याचं समाधान लपलेलं असतं. पण डोंगरावरच्या प्रवचनात येशूने क्रम ठरवून दिला आहे. अर्पण वेदीपुढे तसंच ठेवायचं, आधी जाऊन भावाशी समेट करायचा, मग येऊन अर्पण करायचं. पुढच्या प्रभुभोजनाला अजून काही दिवस असतील. वकिलाची भेट त्याआधी होऊ शकते, बहिणीकडची खेपही होऊ शकते. पाळकांना हे सगळं सांगा. कमिटीवर राहायचं की नाही याचा निर्णय त्यांच्यावर सोपवा, आणि ते "थोडे दिवस थांबा" म्हणाले तर थांबा. पत्नी बरोबर यायला तयार असेल तर तिला घेऊन जा.