अकराची भूक

प्रश्न : आम्ही बेंगळुरूला जयनगर चौथ्या ब्लॉकमध्ये राहतो. ह्यांचं वय ५८. सकाळी फिरून येताना हॉटेलात पोटभर चौचौ बाथ खातात, वर कॉफी. तरी अकराच्या ठोक्याला भूक भूक करतात. अंगाने किडकिडीत आहेत, म्हणून मी बोलत नाही. ही खरी भूक, की जिभेचे चोचले?

उत्तर : ताई, भूक खरी आहे. चोचले म्हणून तिची बोळवण करू नका.

चौचौ बाथची बशी डोळ्यांसमोर आणा. एक मूद तिखट उपम्याची, शेजारी केशरी शिऱ्याची. दोन्हीकडे रवाच! जठर ताणलं की पोट भरल्याची वर्दी मेंदूला मिळते, पण ती फार टिकत नाही. टिकाऊ वर्दी लहान आतडं देतं. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ तिथे उतरले की कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरकं स्रवतात, जठर सावकाश रिकामं होतं आणि तृप्ती राहते. शिऱ्यात तूप असतं खरं, पण प्रथिनं आणि चोथा बेताचाच. रवा-साखरेमुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते, इन्शुलिन ती उतरवतं, आणि काहीजणांची साखर दोन-तीन तासांनी खाण्याआधीच्या पातळीखाली जाते. तीच ही अकराची वेळ.

त्यात सवयीची भर. भूक जागवणारं घ्रेलिन जठरात तयार होतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधलं. रोजच्या खाण्याची वेळ जवळ आली की ते वाढतं. रोज अकराला बिस्किटं मिळाली, की पोट अकराला हाक मारणारच.

हॉटेल सोडा असं मी सांगणार नाही. दोन इडल्या आणि वाटीभर दाट सांबार घेऊ द्या, घरी आल्यावर मुगाची उसळ द्या. थंडीत तुमच्या बाजारात अवरेकाळूचे ढीग लागतात, ते आपले पावटेच. दोन आठवडे हे करून पाहा.

मला काळजी वाटते ती तुमच्या ‘किडकिडीत’ या शब्दाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! दोघांनी हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. जेवणातली बरीचशी साखर स्नायूंत साठते. स्नायू कमी असले की ही कोठीच लहान पडते. म्हणून बारीक माणसालाही मधुमेह होतो, आणि वजनकाट्यावर विसंबून आपल्याकडे तपासणी लांबणीवर पडते.

तेव्हा याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या. तहान वाढली असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर आठवडाही थांबू नका, उद्याच डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट आला की मला लिहा, आणि ह्यांच्या कमरेचं मापही कळवा.