पुस्तक सुचविणारा आवाज
(एस. वाय. बी. ए.)

ग्रंथालयाच्या खिडकीशी उभे राहिले की प्रश्न येतो, "कोणते पुस्तक हवे?" ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांना हा प्रश्न सोपा वाटत असेल. आमच्या घरात पाठ्यपुस्तके सोडली तर एक पोथी आणि दरवर्षीचे पंचांग एवढेच छापील वाङ्मय होते. त्यामुळे पहिल्या वर्षी या प्रश्नाला मजजवळ उत्तर नसे. 'वाचन करा' असे सगळेच सांगतात. परंतु कोणते वाचावे आणि ते आपण का वाचावे, हे सांगणारा माणूस भेटावा लागतो. ज्याने हे काम नभोवाणीवरून वर्षानुवर्षे केले, तेही भारतातील श्रोत्यांसाठी, अशा एका लेखकाचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) हे नाव आपल्याला 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीमुळे ठाऊक असते. ते १९१२ साली प्रथम भारतात आले आणि १९२१ साली देवास थोरली पाती या संस्थानात महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. देवासचे पवार हे मराठा घराणे. त्या कादंबरीच्या शेवटच्या भागात कृष्णजन्माच्या उत्सवात आपल्या तुकोबांचे नाव ऐकू येते, ते उगाच नव्हे. या कादंबरीनंतर ते शेहेचाळीस वर्षे जगले, पण हयातीत त्यांनी दुसरी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. मात्र ते गप्प बसले नव्हते. बी.बी.सी.वरून ते पुस्तकांविषयी बोलत होते. १९२९ ते १९६० या काळातील त्यांची निवडक नभोवाणी-भाषणे २००८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी.बी.सी.च्या पूर्व विभागातून भारतासाठी इंग्रजीत कार्यक्रम होत. १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल तेथे नोकरीस होते, आणि मूळच्या कोल्हापूरकडील वेणू चितळे ह्याही त्याच विभागात काम करीत. पुढे १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही पुण्यातील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांवरील इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. याच विभागासाठी फॉर्स्टर 'सम बुक्स' या मालिकेत ग्रंथांवर बोलत असत.

या कामातील अडचण ध्यानात घेण्यासारखी आहे. २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बवर्षावात लंडनमधील प्रकाशकांची पेठ, पॅटर्नोस्टर रो, जळाली. लक्षावधी पुस्तकांची राख झाली. कागदावर नियंत्रण आले होते. म्हणजे ज्या पुस्तकाविषयी बोलायचे, ते हजारो मैलांवरच्या श्रोत्याच्या हाती पडेलच याची खात्री नाही. अशा वेळी नुसता 'हे वाचा' हा उपदेश व्यर्थ ठरतो. फॉर्स्टर यांची रीत शेजारी बसून गप्पा माराव्यात तशी होती. श्रोता आपल्या बरोबरीचा आहे, असे धरून ते बोलत. पुस्तक मिळाले नाही तरी त्यातला विचार श्रोत्याच्या पदरात पडावा, एवढे बळ अशा बोलण्यात असते.

स्वतःच्या वाचनाविषयी त्यांनी १९४४ साली जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. आपल्यावर कोणत्या पुस्तकाचा प्रभाव पडला, हा विषय. दान्ते, गिबन आणि टॉलस्टॉय यांचे ग्रंथ थोर आहेत हे ते मान्य करतात, पण नाव घेतात ते सॅम्युएल बटलर यांच्या 'एरेव्हॉन' (१८७२) या पुस्तकाचे. एरेव्हॉन हा एक काल्पनिक देश. तेथे आजारी पडणाऱ्याला शिक्षा होते, आणि चोरी करणाऱ्यावर औषधोपचार होतात! हे पुस्तक त्या थोर ग्रंथांच्या तोडीचे नसेल. परंतु त्यांच्या मते आपल्यावर प्रभाव पाडते ते आपण ज्याच्यासाठी तयार असतो असे पुस्तक. ते आपल्याच वाटेवर आपल्याहून जरा पुढे चालत असते. थोर ग्रंथांच्या याद्या पाहून छाती दडपणाऱ्या विद्यार्थ्याला यापरता दिलासा कोणता? आपण मागे आहोत, याची लाज नको. पुढचे पाऊल कोणते, एवढेच शोधावे.

मग अशा जाणत्या माणसाची प्रत्येक शिफारस डोळे मिटून मानावी काय? येथे एक उदाहरण पाहू. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. १९३५ साली ती फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. एका नव्या भारतीय लेखकाच्या मागे उभे राहण्यात त्यांचे मोठेपण आहेच. परंतु त्या प्रस्तावनेत त्यांनी असेही म्हटले, की हे पुस्तक कोणा अस्पृश्याला लिहिता आले नसते, कारण तो संतापात आणि स्वतःविषयीच्या करुणेत गुंतून पडला असता.

मराठी वाचकाला हे विधान पटणार नाही. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली. ज्यांनी भोगले त्यांनीच लिहिले. संताप तर आहेच. पण त्या संतापाने लेखणी अडली नाही, उलट तिला धार आली. 'बलुतं'चा निवेदक तर स्वतःलाही सोडत नाही. तेव्हा फॉर्स्टर यांची शिफारस बरोबर होती, तिच्यासाठी दिलेले हे कारण मात्र चुकीचे होते. सांगणाऱ्याचा हात धरून पुस्तकापर्यंत जावे. पुस्तक उघडल्यावर मात्र तो हात सोडावा, हे मी यातून शिकलो.

हे केवळ नभोवाणीपुरते नाही. प्राध्यापक वर्गात जाता जाता एखाद्या पुस्तकाचे नाव घेतात, मित्र वसतिगृहात एखादी कादंबरी पुढे करतो, तेव्हा तेही हेच काम करीत असतात. आपल्या ग्रंथालयाबाहेरील फलकावर दर आठवड्याला एकाने अलीकडे वाचलेल्या एका नव्या पुस्तकाचे नाव लिहावे, आणि खाली 'हे कोणी वाचावे व का' याविषयी दोनच ओळी लिहाव्यात, अशी माझी सूचना आहे. 'उत्कृष्ट', 'अप्रतिम' अशी विशेषणे नकोत. त्या दोन ओळी वाचून पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला खिडकीवरच्या प्रश्नाचे उत्तर देता आले, तरी फलकाचे काम झाले.

पहिली पाळी मी घेतो. पुस्तक 'बलुतं'. नवे नाही, हे मान्य. पण ज्याने ते अजून वाचलेले नाही, त्याला ते आजही नवेच आहे.