लॅपटॉप मुका झाला? आधी तोटी बघा, मग टाकी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत शेळीपालनाची फिल्म लावली होती. पावसाळ्याआधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस का टोचून घ्यायची, ते त्यात सांगितलं होतं. भिंतीवर चित्र आलं, डॉक्टरांचं तोंड हलायला लागलं, पण आवाज काही येईना. ज्यांना वाचता येतं त्यांनी खालची अक्षरं वाचली. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय गं, मला कुठं काय कळतंय?" आजींच्या दावणीला सात शेळ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, "साउंड कार्ड गेलंय. साडेतीन हजार लागतील. आणि हे लिनक्स काढा, सगळं पुसून नवीन टाकून देतो." सगळं पुसायचं म्हणजे आमचे दोन वर्षांचे हिशेबही गेले असते! "बैठकीत विचारून सांगतो," असं म्हणून आम्ही लॅपटॉप परत आणला. नंतर कळलं, बिघाड काहीच नव्हता. आवाज प्रोजेक्टरकडे वळवलेला राहिला होता, आणि त्या प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. सेटिंगमध्ये एक ओळ बदलली आणि लॅपटॉप बोलायला लागला.

म्हणून हा पाठ. आपल्यात काही जणींना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी आवाज हेच प्रशिक्षण आहे. तो गेला तर त्या बैठकीला येऊनही बाहेरच राहतात.

आवाज कुठून कुठे जातो?

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. ती फुकट मिळते, जुन्या लॅपटॉपवरही बरी चालते. उबुंटू आणि लिनक्स मिंट हे तिचेच प्रकार.

आता गावची नळयोजना डोळ्यासमोर आणा. टाकीतून पाणी निघतं, मोठ्या व्हॉल्व्हमधून गल्लीत येतं, तिथून आपल्या तोटीला. आवाजाचंही तसंच आहे. फिल्ममधून निघालेला आवाज आधी लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेत जातो. ती ठरवते, आवाज कुठे सोडायचा: लॅपटॉपच्या स्पीकरला, इअरफोनला, ब्लूटूथला की प्रोजेक्टरला. मग तो साउंड कार्डात जातो आणि शेवटी स्पीकरमधून बाहेर पडतो. वाटेत एक व्हॉल्व्ह बंद असला तरी सगळं गप्प.

नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच टाकी फोडत नाही. आधी तोटी बघतो, मग गल्लीतला व्हॉल्व्ह, मग टाकी. इथेही तोच क्रम ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक पायरीनंतर आवाज आला का ते बघा.

पायरी १: दोष फिल्मचा की लॅपटॉपचा?

फिल्मच्या खाली स्पीकरचं छोटं चित्र असतं. त्यावर काट किंवा फुली असेल तर त्यावर क्लिक करा. मग दुसरी एखादी फिल्म किंवा गाणं लावा. ते वाजलं तर लॅपटॉप ठणठणीत आहे, पहिल्या फिल्ममध्येच खोट आहे.

पायरी २: बटणं बघा

कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीत एका बटणावर काट मारलेला स्पीकर असतो. ते म्यूट, म्हणजे गप्प करण्याचं बटण. पुसताना किंवा लेकराच्या हाताने ते सहज दाबलं जातं. ते एकदा दाबून बघा. नुसतं चालत नसेल तर एफएन बटण धरून दाबा. शेजारच्या बटणाने आवाज वाढवून बघा.

पायरी ३: आवाज कुठे वळलाय?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे घाई करू नका.

उबुंटूमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातून सेटिंग्ज उघडा आणि साउंड निवडा. मिंटमध्ये खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. तिथे आउटपुट या शब्दापाशी यादी दिसेल. एचडीएमआय असं लिहिलेली ओळ म्हणजे प्रोजेक्टर किंवा टीव्ही. ब्लूटूथच्या इअरफोनचं नाव दिसलं तर आवाज कुणाच्या तरी पिशवीतल्या इअरफोनमध्ये वाजत असेल! आपल्याला लॅपटॉपचा स्पीकर हवा. त्या ओळीत बहुधा स्पीकर, बिल्ट-इन किंवा अॅनालॉग असा शब्द असतो. ती ओळ निवडा.

तिथेच टेस्टचं बटण आहे. ते दाबल्यावर डाव्या-उजव्या स्पीकरमधून आवाज आला तर साउंड कार्ड चांगलं आहे, हे नक्की. मग फक्त फिल्म चालवणाऱ्या प्रोग्रामचा आवाज कमी झालेला असू शकतो. त्याच पानावर प्रत्येक प्रोग्रामच्या आवाजाची वेगळी पट्टी मिळते, ती वाढवा.

पायरी ४: इअरफोन लावून बघा

एखादीचा वायरचा इअरफोन मागून घ्या. भोकात घालून ऐका, मग काढा. कधीकधी भोकात कचरा अडकतो आणि लॅपटॉपला वाटतं इअरफोन लावलेलाच आहे. घालून काढल्याने ते सुटतं. इअरफोनमध्ये आवाज येतो पण स्पीकरमध्ये नाही, असं झालं तर साउंड कार्ड जिवंत आहे. "कार्ड गेलं" असं कुणी म्हणालं तर हे त्याला ऐकवा.

पायरी ५: आतला व्हॉल्व्ह

कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल. घाबरू नका. तिथे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर टाईप करा आणि एंटर दाबा. उभ्या पट्ट्या दिसतील. एकच पट्टी दिसली तर एफ ६ दाबून यादीतून आपलं साउंड कार्ड निवडा.

डाव्या-उजव्या बाणाने मास्टर, स्पीकर आणि पीसीएम या पट्ट्यांवर जा. पट्टीखाली दोन एम दिसले तर तो व्हॉल्व्ह बंद आहे. कीबोर्डवरचं एम दाबलं की उघडतो. वरच्या बाणाने आवाज वाढवा. एस्केप दाबून बाहेर या.

पायरी ६: पूर्ण बंद करून चालू करा

नुसतं झाकण मिटून चालणार नाही. व्यवस्थित शटडाउन करा, थोडं थांबा आणि पुन्हा चालू करा. अडकलेली आवाज-व्यवस्था पुष्कळदा एवढ्याने सुटते.

डमी आउटपुट दिसलं तर

तिसऱ्या पायरीतल्या यादीत फक्त "डमी आउटपुट" दिसलं तर लिनक्सला साउंड कार्ड सापडतच नाही. तरी कार्ड जळालंच असं समजू नका. कालपर्यंत आवाज होता आणि नवीन अपडेट घेतल्यावर गेला, असं झालं का ते आठवा. तसं असेल तर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या यादीत अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असतं. तिथून मागची आवृत्ती निवडून बघता येतं. हे काम संगणक शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सोबत घेऊन करा.

खरी कसोटी पेनड्राइव्हची. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, लॅपटॉपवर काहीही न टाकता, तिथूनच चालवून बघता येतं. यादीत ट्राय निवडायचं, इन्स्टॉल नाही. पेनड्राइव्हवरून आवाज आला तर यंत्र चांगलं आहे, फक्त आतली मांडणी बिघडली आहे. तिथेही आवाज आला नाही तरच दुरुस्तीच्या खर्चाचा विचार करा. कार्ड खरंच गेलं असलं तरी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड काहीशे रुपयांत मिळतं. त्याला साधा स्पीकर जोडला की बैठकीचं काम भागतं.

हे मात्र करू नका

* हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय लॅपटॉप दुरुस्तीला देऊ नका. "सगळं पुसून टाकतो" याला बैठकीच्या ठरावाशिवाय हो म्हणू नका.
* कुणी सांगितली म्हणून न समजलेली आज्ञा काळ्या खिडकीत टाकू नका, विशेषतः ती पासवर्ड मागत असेल तर.
* सहा पायऱ्या झाल्याशिवाय गटाचा रुपया खर्च करू नका.

पुढच्या बैठकीचं काम

बैठक सुरू व्हायच्या अर्धा तास आधी प्रोजेक्टर जोडून आवाज तपासा. मग मुद्दाम आवाज बंद करा आणि दोघी-दोघींनी मिळून शोधून काढा. एकीने वाचायचं, दुसरीने बटण दाबायचं. जिला वाचता येत नाही तिलाही बटण दाबू द्या, चित्रं ओळखता येतातच. दोष कोणत्या पायरीवर सापडला ते इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येईल.

आमच्याकडे ती फिल्म पुढच्या बैठकीत पुन्हा लावली. आजी या वेळी पुढे बसल्या. फिल्म संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "लसवाला कधी येणार?"