न्यूट्रॉनांचे छायाचित्र आणि कोलिमेटर

भिंतीसमोर हात धरून त्यामागे समईची एकच ज्योत ठेवली, तर बोटांची सावली रेखीव पडते. त्याच हातावर रुंद खिडकीतून उजेड आला, की सावलीच्या कडा अंधुक होतात. हा साधा नियम ध्यानी ठेवला म्हणजे कोलिमेटर नामक यंत्रभागाचे मर्म आपणांस सहज उमगेल.

१९३२ साली केंब्रिज येथे जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. क्ष-किरणांना शिसे अडविते. मंदगती न्यूट्रॉन मात्र त्यातून बऱ्याच प्रमाणात पार होतात. उलट लाकूड, तेल, पाणी यांतील हायड्रोजन त्यांस विखरून टाकतो. म्हणून धातूच्या पोटात दडलेल्या लाकडाचेही चित्र त्यांच्या साहाय्याने घेता येते. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत तिबेटी बुद्धमूर्तींच्या अंतरंगाचा अभ्यास त्या न उघडता याच रीतीने झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मूर्ती फोडून पाहणे कोणास रुचले असते?

परंतु उगमस्थानी न्यूट्रॉन सर्व दिशांना धावत असतात आणि विद्युत्भार नसल्यामुळे विद्युत्क्षेत्राने त्यांस वळविता येत नाही. म्हणून त्यांतील सरळ येणारे तेवढे निवडावे लागतात. कोलिमेटर हे काम करतो. उगमाकडे लहान छिद्र, पुढे लांब नळी आणि तिच्या आतून बोरॉन अथवा कॅडमियम यांसारख्या न्यूट्रॉन शोषणाऱ्या द्रव्याचे अस्तर, अशी त्याची सामान्य रचना असते. वाट चुकलेले न्यूट्रॉन त्या अस्तरातच जिरतात.

आता थोडे गणित करू. छिद्राचा व्यास २ सेंटिमीटर व तेथून वस्तूचे अंतर १० मीटर धरल्यास अंतर व्यासाच्या ५०० पट होते. वस्तू पडद्यापासून ५ सेंटिमीटर दूर असेल, तर ५ सेंटिमीटर भागिले ५००, म्हणजे ०.१ मिलिमीटर एवढी कडा पसरते. व्यास १ सेंटिमीटर केला, की हा पसारा निम्मा होतो.

मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण व्यास निम्मा होताच क्षेत्रफळ चौथाई होते. न्यूट्रॉनही सुमारे चौथाईच येतात आणि तेवढ्याच उजळ चित्रास चौपट वेळ लागतो. स्थिर मूर्ती तासभर थांबेल. चालत्या यंत्रातील तेल थांबणार नाही. यास्तव रचनाकार प्रथम काय पाहावयाचे ते ठरवितो आणि मगच छिद्र किती मोठे ठेवावे याचा निर्णय करतो. वस्तू पडद्याच्या जितकी निकट ठेवावी तितकी रेखीवता मात्र अधिक वेळ न दवडता लाभते. विद्यार्थ्यांनी वरील उदाहरणात ५ सेंटिमीटरऐवजी १ सेंटिमीटर अंतर घेऊन याची खात्री करून घ्यावी.