गाजराच्या शेंड्याला पुन्हा गाजर धरेल का?

प्रश्न : गाजराचा वरचा तुकडा बशीत पाण्यात ठेवला, तर चार-पाच दिवसांत त्याला हिरवागार पाला फुटला. त्याला खाली पुन्हा गाजर धरेल का? स्वयंपाकघरात आपण जे टाकून देतो, त्यातले खरोखर काय लावता येते? आमच्या बाल्कनीत सकाळी दोन-तीन तासच ऊन असते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाजर धरणार नाही. बी रुजल्यावर जे सोटमूळ जमिनीत जाते, तेच पोसून गाजर होते. ते कापून आपण कोशिंबीर केली की तो विषय संपला. शेंड्याच्या टोकाशी मात्र कोंब जिवंत राहिलेला असतो. लगतच्या गरात साठलेल्या साखरेवर तो पाला काढतो आणि साठा संपला की पिवळा पडतो. मुळा आणि बीट यांचेही असेच. शेंडा मातीत लावलात तर पाला जास्त दिवस मिळेल, कदाचित फुलेही येतील, कारण गाजर पहिल्या हंगामात मूळ पोसते आणि दुसऱ्यात फुलते. तो कोवळा पाला चटणीत किंवा थालीपिठात घालावा. बीटाच्या पाल्याची भाजीही छान होते.

टोपलीत मोड आलेल्या कांद्याची गोष्टही हीच. तो लावला तर पात मिळते, पुढे डेंगळे म्हणजे फुलांचे दांडे येतात, पण मोठा कांदा पोसत नाही. शेतकरी बियाण्यासाठी निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात, ते याच गुणामुळे. बाजारातल्या सगळ्याच कांद्यांना मोड येईल असेही समजू नका. साठवणीत कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्यावर किरणांची प्रक्रिया करणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे एक केंद्र लासलगावला 2002 पासून आहे.

मग काय लावावे? हातातल्या तुकड्याला डोळा आहे का, एवढे पाहा. आले, हळद, अळकुडी, रताळे, बटाटा यांच्या अंगावर डोळे असतात आणि पोटात साठा असतो, त्यामुळे त्यांचे पुरे झाड होते. पुदिन्याच्या काडीवर पेरे असतात, तिथून मुळे सुटतात. कढीपत्त्याची बाजारातली डहाळी मात्र लोक हौसेने खोचतात आणि निराश होतात. आपण जिला काडी समजतो, ते एका संयुक्त पानाचे देठ असते. त्यावर डोळा नसतो, म्हणून नवे झाड निघत नाही. कढीपत्ता बियांपासून किंवा मोठ्या झाडाच्या मुळांतून फुटणाऱ्या रोपांपासूनच लावावा.

तुमच्या दोन-तीन तासांच्या उन्हात टोमॅटो-वांग्याच्या मागे लागू नका. फळभाज्यांना निदान पाच-सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांचे तेवढ्यावर भागते. पातीच्या कांद्याचा मुळांकडचा दोन बोटे भाग राखून कुंडीत खोचा. आठ-दहा दिवसांत कापण्याजोगी पात येते आणि तीन-चार वेळा कापता येते. ग्लासात ठेवली तर एक-दोन कापण्यांतच ती बारीक होते आणि पाण्याला वास येतो. पाण्याबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगते : डेंग्यूचे डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात. ग्लास-बशीतले पाणी एक दिवसाआड बदला, भांडे घासून घ्या आणि मुळे सुटली की रोप मातीत न्या.

माझ्या मते घरच्यासाठी सगळ्यांत किफायतशीर झाड अळूचे. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू लावायची रीत होती, ती उगाच नाही. त्याला ओल हवी आणि कमी ऊन चालते. चार अळकुड्या जुन्या बादलीत लावल्या तर पावसाळाभर पाने मिळतात, बाजूला पिल्ले फुटतात, वडीपुरते अळू विकत आणावे लागत नाही. काही अळू खाजरा निघतो, म्हणून चिंच किंवा आमसूल घालायला आणि पुरते शिजवायला विसरू नका.

डब्यातले बीही विसरू नये. धणे हलके रगडून दोन फाका करून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवतात. मेथी तीन-चार दिवसांतच वर येते. मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी ही वाळूत दाट पेरून कोवळी उपटलेली मेथीच असते. ती पसरट ट्रेमध्ये तुमच्या बाल्कनीतही सहज होईल.

खर्चाचे म्हणाल, तर खरी बचत मातीत आहे. महागडी कुंडी आणि विकतचे खत घेऊन दहा रुपयांची कोथिंबीर पिकवण्यात अर्थ नाही. ज्या सालींना डोळा नाही, त्यांचे खत करा. रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोके पाडा, वाळका पालापाचोळा आणि ओला कचरा आलटून पालटून घाला, वर मूठभर माती पसरा. कचऱ्याला वास आला तर पाला कमी पडला असे समजा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून पालापाचोळ्यापासून सकस माती घरीच तयार करण्याचा मार्ग किती तरी कुटुंबांना दाखवला. बाल्कनीत बाग करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ वाचावे.

लावण्याजोग्यांत वर बटाटा आला, त्याबद्दल एक सावधगिरी : हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. तो शिजवू नका. मोड आला असेल तर लावून पाहायला हरकत नाही.

आता वेळापत्रक. आल्याचा दोन डोळ्यांचा तुकडा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावा. कापलेली बाजू आधी एक दिवस सुकू द्या. आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की आले काढा. अळकुड्या पावसाच्या तोंडावर लावा. लसणाच्या पाकळ्या दिवाळीनंतर खोचा. ठाण्याच्या हवेत गड्डा भरण्याइतकी थंडी पडत नाही, तेव्हा लसूण तुम्ही पातीसाठीच लावा.