पांढरा आणि निळा

ज्युदोच्या चटईवर दोन खेळाडू समोरासमोर उभे आहेत. दोघांनीही परस्परांच्या अंगरख्याची गळपट्टी आणि बाही घट्ट धरली आहे. एवढ्यात एक जण विजेच्या वेगाने वळतो व प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन फेकू पाहतो. पण दुसराही सावध असतो. तो त्याच वेगाचा उपयोग करून डाव उलटवतो आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच दोघेही एकदम खाली कोसळतात. आता कोणी कोणास पाडले? पाठ कोणाची टेकली आणि वर कोण राहिला? या एका क्षणाच्या निकालासाठी दोघांनीही कित्येक वर्षे घाम गाळलेला असतो. आणि दोघांचेही पोशाख नखशिखांत पांढरेशुभ्र असले, तर पंचाने काय करावे? ज्युदोच्या सामन्यात एक खेळाडू पांढऱ्या व दुसरा निळ्या पोशाखात का दिसतो, याचे उत्तर या प्रश्नातच दडलेले आहे.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म 1860 साली झाला. अंगाने किरकोळ असलेल्या या तरुणाने जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येचा अभ्यास केला, तिच्यातील घातक डाव बाजूला सारले आणि शरीर व मन या दोहोंना वळण लावणारी एक नवी विद्या उभी केली. ज्युदो या शब्दाचा अर्थच ‘कोमल मार्ग’ असा आहे. 1882 साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत व नऊ शिष्यांसह, कानो यांनी ‘कोदोकान’ ही आपली शाळा सुरू केली.

या शाळेतील पोशाख जाड सुती कापडाचा व पांढरा असे. त्याला ‘ज्युदोगी’ म्हणतात. ओढाताण सोसेल असे ते कापड असावे लागते, कारण प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरूनच या खेळातील बहुतेक डाव टाकले जातात. जपानी मनाला पांढरा रंग हे शुचितेचे चिन्ह वाटते. शिवाय सर्वांचा वेष सारखा असला म्हणजे श्रीमंत कोण व गरीब कोण, हा भेद चटईच्या बाहेरच राहतो. कमरेच्या पट्ट्याचा रंग तेवढा निरनिराळा असतो. परंतु तो खेळाडूची पायरी सांगतो, बाजू नव्हे. दोन काळे पट्टेवाले एकमेकांसमोर आले, तर पट्ट्यावरून त्यांना ओळखणार कसे? म्हणून सामन्याच्या वेळी एकाच्या कमरेला तांबडी व दुसऱ्याच्या कमरेला पांढरी अशी आणखी एक पट्टी बांधण्याची रीत पडली. पंचांच्या हातातील निशाणेही तांबडी व पांढरी असत. तथापि झटापटीत अंगरखे विस्कटले आणि दोन्ही देह एकमेकांत गुंतले, म्हणजे ती चिंचोळी पट्टी दिसेनाशी होई.

ज्युदो जपानपुरता होता, तोवर या अडचणीचा फारसा बोभाटा झाला नाही. पुढे तो जगभर पसरला आणि 1964 साली टोकियोतील ऑलिंपिक क्रीडांत त्याचा समावेश झाला. त्या वर्षी 23 ऑक्टोबर रोजी खुल्या गटाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला जपानचा अकिओ कामिनागा व दुसऱ्या बाजूला सहा फुटांहूनही उंच असा हॉलंडचा अँटन गीसिंक. आपल्याच भूमीत, आपल्याच खेळात, आपला वीर पराभूत झालेला जपानी प्रेक्षकांना पाहावा लागला. गीसिंकचा विजय होताच त्याचे काही देशबांधव आनंदाच्या भरात चटईकडे धावले. परंतु गीसिंकने हात उंचावून त्यांना तेथेच थोपवले. पराभूत प्रतिस्पर्ध्याला रीतीप्रमाणे वंदन झाल्यावाचून आनंदोत्सव करणे त्याला उचित वाटले नाही. त्याच्या या वर्तनाने जपानी लोकांची मने जिंकली.

नवलाची गोष्ट अशी की, ज्युदोच्या रीतीचा इतका मान राखणाऱ्या याच गीसिंकने पुढे 1986 साली एक सूचना मांडली : दोघांपैकी एका खेळाडूने निळा पोशाख घालावा. पंचांना निर्णय देणे सुकर होईल, दूर बसलेल्या प्रेक्षकाला सामना समजेल आणि दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यालाही कोण कोण ते कळेल, असे त्याचे म्हणणे होते.

जपानने या सूचनेला कसून विरोध केला, आणि तो विरोध केवळ हट्टाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पांढरा पोशाख हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ कपडा नव्हता, तर गुरूंकडून आलेला वारसा होता. आज सोयीसाठी रंग बदलला, तर उद्या दुसरे काय बदलेल, ही शंका त्यांना छळत होती. त्यातच खर्चाचाही प्रश्न होता. कोणता रंग वाट्याला येईल, हे खेळाडूला आधी ठाऊक नसते. म्हणून प्रत्येकाला दोन्ही पोशाख बाळगावे लागणार. सधन देशाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु गरीब देशातील होतकरू मुलाला ती तशी वाटणार नाही.

हा वाद बरीच वर्षे चालला. युरोपातील स्पर्धांनी निळा रंग आधी स्वीकारला. अखेरीस 1997 साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने त्याला मान्यता दिली आणि 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच दिसला. आज आंतरराष्ट्रीय सामन्यात ज्याचे नाव आधी पुकारले जाते तो पांढरा पोशाख घालतो व दुसरा निळा. जपानमधील अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धेत मात्र अजूनही दोघेही पांढऱ्या पोशाखातच उतरतात.

येथे एक नवाच प्रश्न उभा राहिला. न्यायासाठी आणलेला हा रंगच अन्याय तर करत नाही ना? 2004 सालच्या अथेन्स ऑलिंपिकमधील निकाल तपासून काही संशोधकांनी 2005 साली असे मत मांडले की, निळा पोशाख घालणारे अधिक वेळा जिंकतात. कदाचित निळा रंग पांढऱ्याइतका डोळ्यांत भरत नसल्यामुळे त्याच्या हालचाली प्रतिस्पर्ध्याला उशिरा दिसत असाव्यात. हे खरे असते, तर स्पर्धेचा पायाच डळमळला असता. परंतु 2008 साली दुसऱ्या दोन अभ्यासकांनी त्या निकालांची पुन्हा छाननी केली. खेळाडूंचे मानांकन, आधीचा अनुभव आणि दोन सामन्यांमध्ये मिळालेली विश्रांती यांमुळे तो फरक पडला असावा, असे त्यांना आढळले. त्यांनी आणखी 71 मोठ्या स्पर्धांचे निकाल पडताळले, तेव्हा निळ्याला कोणताही लाभ मिळत असल्याचे दिसले नाही. म्हणजे रंग खेळाडूला ओळखू देतो. जिंकून मात्र देत नाही.

तसेच रंगाने सारेच वाद मिटले, असेही नाही. सिडनी येथेच सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा दाव्हिद दुईये व जपानचा शिनिची शिनोहारा हे दोघे एका डावात एकदम खाली आले. एक पोशाख पांढरा, एक निळा. तरीही गुण कोणाला द्यावा, यावर पंचांत मतभेद झाला. निर्णय दुईयेच्या बाजूने लागला आणि त्यावर फार मोठा वाद माजला. पुढे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय आली. रंग डोळ्यांना साहाय्य करतो, पण पाहणाऱ्याची दक्षता त्याला उसनी देता येत नाही.

परंपरा राखावी की बदलावी, हा प्रश्न आपल्याही आयुष्यात वारंवार येतो. अशा वेळी परंपरेचे बाह्यरूप कोणते व तिचा आत्मा कोणता, हे आधी ओळखले पाहिजे. ‘परस्परांच्या साहाय्याने सर्वांचे कल्याण’ हे कानो यांनी आपल्या विद्येचे एक तत्त्व मानले होते. प्रतिस्पर्ध्याच्या कष्टांचे फळ आपल्या पदरात चुकूनही पडू नये, अशी व्यवस्था करणे हे त्या तत्त्वाशी विसंगत कसे ठरेल? आजही पांढऱ्या व निळ्या पोशाखातील ते दोघे सामन्यापूर्वी वाकून परस्परांना वंदन करतात आणि निकाल लागल्यावर पुन्हा तसेच वाकतात. पोशाखाचा रंग बदलला. ते वंदन बदललेले नाही.

स्वाध्याय

1. तांबडी व पांढरी पट्टी बांधूनही पंचांची अडचण का दूर होत नसे?
2. गीसिंकने आपल्या देशबांधवांना चटईजवळ येऊ का दिले नाही?
3. निळ्या पोशाखाला जपानने केलेल्या विरोधाची कारणे सांगा. त्यांपैकी कोणते कारण तुम्हांला अधिक सबळ वाटते व का?
4. ‘रंग खेळाडूला ओळखू देतो, जिंकून मात्र देत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
5. वाक्यात उपयोग करा : घाम गाळणे, डोळ्यांत भरणे, मने जिंकणे.