आधी मेलेलं कुंपण, मग जिवंत

पोरा, भामरागडात घर बांधलंस, आता परसाला तार घालायची म्हणतोस. तार राहू दे. इथे बांबू आहे, पाऊस आहे. दोघांना कामाला लाव.

उन्हाळ्यात आधी बांबूच्या कमच्यांचं कुंपण उभं कर. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरलाय, म्हणून ग्रामसभेला विचारूनच आण. बांबू जून झालेला आणि हिवाळ्यात तोडलेला हवा. कोवळ्याला कीड लागून भुसा पडतो. हे कुंपण दोन-तीन वर्षं टिकतं. तेवढ्यात त्याच्या आडोशाने जिवंत वई वाढते.

वईला मोगली एरंड. ढोरं सोड, बकरीही त्याला तोंड लावत नाही. जूनमध्ये आभाळ भरू लागलं की अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब कांड्या तोड आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेव. चीक सुकला पाहिजे, नाहीतर कांडी चिखलात सडते. माती भिजली की वीत-वीत अंतरावर, जरा तिरप्या लाव.

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर सगळी वई गुडघ्याएवढी छाट. वाढलेलं झाड कापायला जीव धजत नाही, पण तेव्हा सोडलीस तर शेंडे उंच जातात, बुडखा उघडा राहतो आणि डुकरं तिथूनच शिरतात. छाटलं की बुडातून फूट येते.

मोगली एरंडाच्या बिया विषारी. पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या करकरून बेजार होतात. म्हणून अंगणाच्या बाजूला अडुळसा लाव. त्यालाही बकरी शिवत नाही, शिवाय खोकल्याला पाला हाताशी.

पर्लकोटा नदीला पूर आला की पाणी वस्तीत येतं, हे तू पाहिलंयस. त्या अंगाला निर्गुडी. नाल्याकाठचंच झाड ते, वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. तिथे मात्र हात-हात अंतर सोड. दाट वईत काडीकचरा अडकला की पाण्याचा सगळा जोर वईवरच येतो.

कुणी बेशरमाच्या फांद्या आणून देईल, झटकन फुटतात म्हणून. घेऊ नकोस. चारा नसला की बकऱ्या तेच खातात आणि मग त्यांना पायांवर उभं राहता येत नाही. घाणेरीही नको; पाखरं तिचं बी थेट जंगलात नेतात.

मागच्या, जंगलाकडच्या कोपऱ्यात सागरगोटा टाक. बी दगडावर घासून रात्रभर भिजव, तरच रुजतं. काटे भारी असतात, तेव्हा पाणवठ्याच्या वाटेपासून चार पावलं आत लाव.